लोकांना परिसरातलं नेमकं काय मोलाचं वाटतं, हे नोंदवायचं कसं?

ओहोळ

एका नदीखोऱ्याचा आराखडा तयार होण्याआधी तिथल्या लोकांना कुठल्या जागा मोलाच्या वाटतात आणि का, याची नोंद करायची आहे. क्षेत्र साधारण १० किमी बाय २० किमी, वस्त्या बारा. कामाला दोघं जण, हातात तीन महिने.

चाचणी म्हणून २० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. 'नदीकाठ तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो? १ ते ५', मग टेकड्या, जंगल, माळरान, जुन्या वास्तू अशी एकूण पंधरा कलमं. जवळपास प्रत्येक कलमाची सरासरी ४.५ च्या वर आली. थोडक्यात, सगळंच महत्त्वाचं. आराखडा करणाऱ्यांना यातून काही म्हणजे काही हाती लागत नाही.

वाचताना नकाशावर खुणा करून घेणं, फोटोंना गुण देणं, क्यू पद्धत (विधानांचे पत्ते पटतील त्या क्रमाने लावून घेणं), 'किती पैसे द्याल' विचारणं असे बरेच प्रकार दिसले. यातलं कुठलं घ्यावं? आणि प्रत्यक्ष करताना कुठे गडबड होते?

---

समोच्च

पाच गुण देताना माणसाला काहीच सोडावं लागत नाही, म्हणून तो सगळ्याला पाच देतो. पंधराच्या जागी तीस कलमं केलीत तरी हेच होणार. उत्तर देणाऱ्याला निवड करावी लागली पाहिजे, आणि तुमच्या कामासाठी ती निवड जागेशी बांधलेली हवी. 'जंगल आवडतं' हे कळून उपयोग नाही, कुठलं जंगल ते कळायला हवं. त्यामुळे मी नकाशापासून सुरुवात करेन.

ही पद्धत नवी नाही. ग्रेग ब्राउन आणि पॅट्रिक रीड यांनी अलास्कातल्या चुगाच राष्ट्रीय वनासाठी लोकांना टपालाने नकाशे पाठवून त्यावर टिकल्या लावून घेतल्या. त्यावरचा त्यांचा २००० सालचा निबंध आजही या कामाचा पाया आहे. त्यांच्या यादीत तेरा प्रकारची मूल्यं होती: सौंदर्य, विरंगुळा, अर्थार्जन, जैवविविधता, इतिहास, अध्यात्म, पुढच्या पिढ्या वगैरे. तुम्ही तेरा घेऊ नका. समोर बसलेल्या माणसाला 'सांस्कृतिक' आणि 'ऐतिहासिक' यांतला फरक समजावण्यात दहा मिनिटं जातात आणि तरी तो दोन्ही रंग एकाच जागी लावतो. सहा ते आठ पुरे.

आता प्रत्यक्ष मांडणी.

१:५०,००० प्रमाणावर तुमचं खोरं २० बाय ४० सेंमी होतं, म्हणजे ए-३ कागदावर बसतं. पण ६ मिमी व्यासाची टिकली या नकाशावर ३०० मीटर व्यापते. १:२५,००० घेतलं तर नकाशा ४० बाय ८० सेंमी, ए-१ वर मावतो, आणि तीच टिकली १५० मीटरची होते. ओढ्यावरचा एखादा डोह आणि त्यावरचा कडा वेगळे दाखवायचे असतील तर १:२५,००० च हवं. नकाशावर वाटा, ओढे, वस्त्यांची नावं आणि लोक वापरतात ती टेकड्यांची नावं हवीतच. उंचीच्या रेषा फिक्या ठेवा. बऱ्याच जणांना त्या वाचता येत नाहीत आणि त्या रस्त्यांसारख्या दिसतात.

नकाशा एकच छापा. त्याच्या चारही कोपऱ्यांत फुलीच्या खुणा करा आणि प्रत्येक माणसासाठी वर कोरा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद टाका. त्यावर आधी त्या चार फुल्या गिरवायच्या, मग टिकल्या. फुल्या गिरवायच्या राहिल्या तर तो कागद नंतर संगणकावर जागेवर बसवता येत नाही आणि अख्खी मुलाखत वाया जाते. आधीच्या माणसाच्या टिकल्या पुढच्याला दिसता कामा नयेत, नाहीतर गर्दी असेल तिथेच गर्दी वाढते.

टिकलीचा रंग म्हणजे मूल्याचा प्रकार, टिकलीवरचा आकडा म्हणजे मुलाखतीच्या वहीतला अनुक्रमांक. वहीत त्या आकड्यापुढे एका वाक्यात कारण लिहायचं, त्याच माणसाच्या शब्दांत. तोच आकडा टिकली चिकटवण्याआधी प्लॅस्टिकवर मार्करने लिहून ठेवा, कारण गुंडाळी केली की टिकल्या सुटतात. दर रंगाच्या पाच टिकल्या द्या, सगळ्या वापरायलाच हव्यात असं नाही. शेवटी प्रत्येकाला १०० गुण देऊन ते मूल्यप्रकारांमध्ये वाटायला सांगा. तुमच्या ४.५ च्या सरासरीवरचा इलाज हाच. शंभरच आहेत म्हटल्यावर एका ठिकाणी वाढवले की दुसरीकडे कमी करावेच लागतात.

कुठे फसतं ते सांगतो.

लोक घराजवळ टिकल्या लावतात. एका वस्तीतून चाळीस जण आणि दुसरीतून पाच आले तर नकाशावर पहिल्या वस्तीचं अंगणच मोलाचं ठरतं. म्हणून बाराही वस्त्यांतून जवळपास सारखी माणसं घ्या, आणि निकाल वस्तीवार वेगळा काढून पाहा.

उत्साही माणूस जास्त टिकल्या लावतो. प्रत्येकाच्या टिकल्यांचं एकूण वजन १ धरा. दहा लावल्या असतील तर प्रत्येकीला ०.१.

रस्त्यालगत टिकल्या दाटतात. त्याचा अर्थ रस्त्याकडेची जागा जास्त मोलाची असा होत नाही, ती जास्त लोकांनी पाहिलेली असते. रस्त्यापासूनच्या अंतराचे पट्टे पाडून टिकल्या मोजा, म्हणजे हा परिणाम किती आहे ते दिसेल.

आणि तो लाल-पिवळा घनता नकाशा, म्हणजे टिकल्या कुठे दाट आहेत ते रंगांनी दाखवणारा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दोन मिनिटांत होतो आणि बैठकीत सगळे त्यालाच भुलतात. पण प्रत्येक टिकलीचा प्रभाव किती अंतरापर्यंत पसरवायचा, ती त्रिज्या ५०० मीटर धरली तर वीस ठिपके दिसतात, २ किमी धरली तर तीन मोठे डाग. दोन्ही तुमच्याच माहितीतून. ५००, १००० आणि २००० अशा तिन्ही त्रिज्यांचे नकाशे काढा आणि तिन्हींत टिकणारी ठिकाणंच ठामपणे सांगा.

टिकली नाही म्हणजे मोल नाही, असं मात्र कधीही लिहू नका.

---

दुर्बीण

समोच्च यांच्याशी सहमत, पण भर घालतो. नकाशा हा वरून पाहण्याचा प्रकार आहे. माणूस परिसर पाहतो तो जमिनीवर उभा राहून. फ्लॉरेन्सला २००० मध्ये झालेल्या युरोपीय भूदृश्य करारात भूदृश्याची व्याख्याच 'लोकांना जाणवतो तसा प्रदेश' या अंगाने केली आहे. दिसण्याचा भाग आराखड्यात महत्त्वाचा असेल (मनोरे, खाण, कड्यावरची बांधकामं) तर फोटो लागतील. फोटोंचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला, तुम्ही काढलेले फोटो लोकांनी गुण देऊन जोखायचे. अमेरिकी वनखात्यासाठी डॅनियल आणि बॉस्टर यांनी १९७६ मध्ये ही पद्धत नीट बसवली, १० गुणांच्या मोजपट्टीवर. यात शिस्त फोटो काढण्यातच असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने ५० मिमीच्या आसपासचं भिंग, कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर म्हणजे १.६ मीटर, क्षितिज सगळ्या फोटोंत साधारण एकाच उंचीवर, हवा सारखी, ऊन सारखं. माणसं, जनावरं, गाड्या नकोत. एका फोटोत निळं आकाश आणि दुसऱ्यात मळभ असेल तर लोक आकाशाला गुण देतात आणि आपण समजतो टेकडीला दिले. जागाही नजरेला आवडली म्हणून निवडायची नाही. नकाशावर चौकोन पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, नाहीतर तुमचीच आवड मोजली जाते.

६० फोटो, प्रत्येकी ७ सेकंद, म्हणजे सात मिनिटं. याहून लांबवलं की शेवटच्या फोटोंना नुसते ५-६ पडत जातात. सुरुवातीला पाच-सहा फोटो गुण न घेता दाखवा, चांगल्यापासून कंटाळवाण्यापर्यंत सगळे नमुने त्यात असू द्या, म्हणजे पट्टी कुठून कुठवर आहे ते कळतं. क्रम प्रत्येक गटाला वेगळा. चार-पाच फोटो मध्येच पुन्हा घाला. त्याच माणसाने त्याच फोटोला आधी ८ आणि नंतर ३ दिले असतील तर त्याच्या बाकीच्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा ते समजतं. काही जण ६ ते ९ मध्येच फिरतात, काही १ ते १० पूर्ण वापरतात, म्हणून कच्च्या सरासऱ्या काढू नका. आधी प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरी आणि प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) प्रमाणित करा.

किती माणसं हवीत? गुणांचं प्रमाण विचलन २ धरलं तर ३० जणांच्या सरासरीची प्रमाण चूक, म्हणजे ती सरासरी साधारण किती इकडेतिकडे असू शकते ते, ०.३७ च्या आसपास येते, १०० जणांची ०.२. दोन फोटोंतला फरक अर्ध्या गुणाचा असेल तर ३० जणांवर उड्या मारू नका.

दुसरा प्रकार उलटा: लोकांनीच हिंडून फोटो काढायचे. जास्तीत जास्त दहा, प्रत्येकाला एक कारण, शेवटी त्यांतले तीन निवडायचे. यात मिळणारी कारणं नकाशावरच्या कारणांपेक्षा खूपच जिवंत असतात, कारण माणूस त्या जागी उभा असतो. एकच मोठी चूक होते. फोनमधली जीपीएस नोंद फोटो काढणारा कुठे उभा होता ते सांगते, काय पाहत होता ते नाही. डांबरी वळणावरून समोरचा कडा टिपला तर नकाशावर ते वळण मोलाचं ठरतं! दिशा होकायंत्राने अंशांत लिहून घ्या आणि 'यातलं नेमकं काय?' हे विचारून त्या वस्तूवर दुसरा बिंदू टाका. अलीकडे समाजमाध्यमांवरचे फोटो मोजण्याचा सोपा मार्ग निघाला आहे. २०१३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरचे फोटो ३१ देशांतल्या ८३६ पर्यटनस्थळांच्या भेटींच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि ते बऱ्यापैकी जुळले. गणना फोटोंची नव्हती: एका माणसाने एका ठिकाणी एका दिवशी शंभर काढले तरी १ धरायचा. पण यातून कळतात ते पाहुणे. रोज त्याच पाणवठ्यावर जाणारी बाई त्याचा फोटो कशाला टाकेल?

---

ओहोळ

दोघांचेही आभार. पारदर्शक कागदाची युक्ती सुचलीच नव्हती. एक शंका: नकाशा 'कुठे' सांगतो, फोटो 'कसं दिसतं' सांगतो. पण एकाच माळरानाला काही जण 'पडीक' म्हणतात आणि काही जण 'आमचा जीव'. हे मतांचे गट कसे पकडायचे? आणि अहवालात रुपयांचा आकडा असावा असा आग्रह वरून आहे.

---

चवड

मतांच्या गटांसाठी क्यू पद्धत. विल्यम स्टीफनसन यांनी १९३५ मध्ये मांडली, मानसशास्त्रासाठी. नेहमीच्या घटक विश्लेषणात (सारखी उत्तरं मिळणाऱ्या गोष्टी एकत्र लावण्याची सांख्यिकी रीत) प्रश्नांचे गट पडतात, इथे माणसांचे गट पडतात. हा उलटेपणा लक्षात ठेवला की बाकी सोपं आहे.

आधी विधानं जमवा: मुलाखती, सभांची इतिवृत्तं, बातम्या, निवेदनं. दीड-दोनशे सहज जमतात. त्यांतून ३६ निवडा. विधान लोकांच्या बोलीत असू द्या, आणि एका विधानात एकच गोष्ट. 'माळ चराईला उपयोगी आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे' हे बाद, कारण अर्धं पटलेला माणूस पत्ता हातात घेऊन अडून बसतो. नकारार्थी विधानंही टाळा. 'इथे काही बदलू नये' हे असहमतीच्या बाजूला ठेवताना भलेभले गोंधळतात.

प्रत्येक विधान एका पत्त्यावर, मागे क्रमांक. जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर −४ ते +४ असे नऊ रकाने, आणि रकान्यांत जागा २, ३, ४, ५, ८, ५, ४, ३, २. बेरीज ३६. माणसाने आधी तीन चवडी करायच्या: पटतं, पटत नाही, मधलं. मग पटणाऱ्या चवडीतून सगळ्यात जास्त पटणारे दोन पत्ते +४ खाली, आणि असं टोकांकडून आत यायचं. चवडी न करता थेट रकाने भरायला बसवलं की लोक दहाव्या पत्त्याला कंटाळतात. +४ वर तिसऱ्या पत्त्याला जागाच नसते, तिथे खरी घालमेल दिसते. हात दोन पत्त्यांच्या मध्ये रेंगाळतो, एक उचलतो, परत ठेवतो. त्या क्षणी काय पुटपुटतात ते लिहून घ्या, नंतर गट समजून घेताना तेच कामी येतं. मांडणी झाली की वरून फोटो काढा, मगच पत्ते उचला.

माणसं ३० ते ४० पुरतात, पण ती चिठ्ठ्या टाकून घ्यायची नसतात. मतं जितकी वेगळी असतील असं वाटतं तितकी वेगळी माणसं शोधायची: गुराखी, शेतकरी, जमीन विकू पाहणारे, नव्याने राहायला आलेले, शाळेतले शिक्षक. विश्लेषणासाठी पीक्यूमेथड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते प्रत्येक माणसाचा प्रत्येक घटकावरचा 'भार' देतं, म्हणजे त्याची मांडणी त्या घटकाशी, अर्थात त्या सामाईक मताशी, किती जुळते ते. ३६ विधानांना १ टक्का पातळीवर महत्त्वाचा भार म्हणजे २.५८ भागिले ३६ चं वर्गमूळ, ०.४३. त्याहून जास्त भार एकाच घटकावर असलेली माणसं त्या गटाची. साधारण तीन-चार गट निघतात.

दोन चुका नेहमीच्या. 'गट अ मध्ये १४ जण, म्हणजे ४० टक्के लोकांचं हे मत' असं लिहिणं साफ चूक आहे. ही पद्धत कुठली मतं आहेत ते सांगते, किती जणांची आहेत ते सांगत नाही. आणि शून्याचा रकाना म्हणजे 'काही वाटत नाही' असं नव्हे, बाकीच्यांपुढे ते मागे पडलं इतकंच.

जाता जाता शब्दांबद्दल. प्रश्नात 'भूदृश्य' लिहू नका, कोणी तसं बोलत नाही. 'हा परिसर', 'ही जागा' म्हणा. आणि 'मूल्य' विचारलंत की लोक जमिनीचा भाव सांगतात. 'इथलं काय गेलं तर चुकल्यासारखं वाटेल?' हे विचारून बघा.

---

हिशेबनीस

रुपयांच्या आकड्याबद्दल. तो काढता येतो, पण तो कशाचा आकडा आहे हे त्याच ओळीत लिहावं लागेल.

प्रवासखर्च पद्धतीची मूळ कल्पना हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रातली. माणूस तिथे यायला पैसा आणि वेळ खर्च करतो, त्यावरून जागेची मागणी काढायची. दुरून येणाऱ्या पर्यटकांसाठी ठीक. तुमच्या खोऱ्यात मात्र माणूस घरातून निघून पाच मिनिटांत नदीवर पोचतो. खर्च शून्य, म्हणजे या पद्धतीच्या हिशेबात त्याच्या नदीची किंमत जवळपास शून्य! शिवाय एकाच सहलीत तीन ठिकाणं पाहिली तर खर्च कुणाच्या नावावर टाकायचा हे भांडण कायमचं.

'जपण्यासाठी किती द्याल' ही पद्धत एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या १९८९ च्या तेलगळतीनंतर न्यायालयीन दाव्यांमुळे एकदम चर्चेत आली. तिच्यावर इतका वाद झाला की अमेरिकी सरकारच्या एनओएए या समुद्र आणि हवामानविषयक संस्थेने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्या गटाच्या १९९३ च्या शिफारशी आजही कामाच्या आहेत: 'किती द्याल' असं मोकळं न विचारता ठरलेली रक्कम सांगून मतदानासारखं हो की नाही विचारा, मुलाखत समोरासमोर घ्या, पैसे दिले तर दुसऱ्या खर्चाला कमी पडतील याची आठवण द्या, पर्यायी जागांचीही आठवण द्या.

एवढं करूनही एक खोड राहते. त्याच काळातल्या एका अभ्यासात पाणपक्षी तेलाच्या तळ्यांत बुडून मरू नयेत म्हणून किती द्याल असं विचारलं होतं. २,००० पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर, २०,००० साठी ७८, २,००,००० साठी ८८. पक्षी शंभरपट झाले, रक्कम जागची हलली नाही. तुमच्याकडे ही चाचणी घालाच: निम्म्या लोकांना १ किमी नदीकाठाबद्दल विचारा, निम्म्यांना १० किमीबद्दल. रक्कम सारखीच आली तर आकडा छापू नका.

'शून्य' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न हवा: का? 'परवडत नाही' हे खरं शून्य. 'आमच्याच नदीसाठी आम्ही का पैसे द्यायचे?' हा निषेध आहे, तो वेगळ्या रकान्यात. त्याला शून्य धरलंत तर ज्यांना सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे त्यांचंच मोल शून्य मोजलं जातं.

दोघं जण, तीन महिने या हिशेबात मी हा भाग करणार नाही. आग्रहच असेल तर चराई, मासे, सरपण अशा ज्यांना बाजारभाव आहे त्यांची वार्षिक किंमत काढा आणि तक्त्याच्या मथळ्यातच 'फक्त विकल्या जाणाऱ्या गोष्टी' असं छापा. मथळ्यात, तळटीपेत नाही. तळटीप पुढच्या सादरीकरणात गळून पडते.

---

समोच्च

हिशेबनीस यांचा शेवटचा मुद्दा कापून भिंतीवर लावावा असा.

ओहोळ, वेळेचं गणित: नकाशाची एक मुलाखत ४५ मिनिटांची धरा. दोघं मिळून दिवसाला आठ, बारा वस्त्यांत प्रत्येकी दहा म्हणजे १२० मुलाखती, पंधरा कामाचे दिवस. जाणं-येणं आणि चुकलेल्या भेटी धरून महिना. क्यू त्याच मुलाखतींतून निवडलेल्या ३६ जणांवर करा, विधानंही वहीतल्या कारणांतूनच मिळतील. फोटोंना गुण देण्याचा प्रकार तुमच्याकडे मनोरे-खाणीचा प्रश्न असेल तरच. तिसरा महिना पूर्णपणे नकाशे लोकांना परत दाखवायला ठेवा. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०२२ च्या मूल्यांकनात हजारावर अभ्यास तपासले, त्यांतल्या फक्त २ टक्क्यांनी निष्कर्षांबद्दल संबंधितांशी सल्लामसलत केल्याची नोंद होती.

परत दाखवताना सगळे मूल्यप्रकार एका नकाशात बेरीज करून दाखवू नका. चराईच्या टिकल्या आणि घरटी असलेल्या जागेच्या टिकल्या एकत्र केल्या तर जिथे भांडण आहे तीच जागा सगळ्यात 'मोलाची' दिसते. प्रकारांचे नकाशे शेजारीशेजारी लावा आणि जिथे प्रकार एकावर एक येतात त्या जागा नुसत्या रेघांनी भरा.

आणि काही टिकल्या दाखवायच्याच नसतात: औषधी वनस्पती, घरटी, लोक बाहेर सांगत नाहीत ती ठिकाणं. मुलाखतीतच प्रत्येक टिकलीबद्दल विचारा, 'ही छापली तर चालेल?' नाही म्हटलं तर त्या क्रमांकाभोवती वहीत गोल करा. छापील नकाशात ती एक किमीच्या चौकोनात विरघळवा आणि मूळ बिंदू असलेली फाइल आराखडा करणाऱ्यांना देऊच नका. गोल करायचं काम मुलाखत चालू असतानाच झालं पाहिजे, संध्याकाळी वही चाळताना कुठली टिकली ते कुणालाच आठवत नाही.